आधी शहाण्या लेकराकडे बघा

माझ्या नवऱ्याला २०२० च्या पावसाळ्यात नैराश्याचा आजार झाला. बरं व्हायला दीडेक वर्ष गेलं. आजार त्यांचा होता, पण घरात वयात येणारी दोन मुलं होती आणि त्यांच्या वाट्याला काय आलं ते कळायला मला त्याहून जास्त काळ लागला. हल्ली आमच्या दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या, कधी पाजपंढरी-केळशीकडच्याही बायका मागच्या दाराने येऊन बसतात. बोलणं सगळं आपापल्या नवऱ्याविषयी असतं. जेवत नाहीत, झोपत नाहीत, कशाला हात लावत नाहीत. मुलांचा विषय निघतो तो उठता उठता, पदर सावरताना. ‘पोरं तशी शहाणी आहेत हो,’ असं म्हणत त्या चपला घालतात. नेमकं तेव्हाच त्यांना परत खाली बसवावंसं वाटतं.

म्हणून हे लिहिते आहे. नावं घालत नाही. मुलगी ती थोरली, मुलगा तो धाकटा आणि नवरा म्हणजे हे. २०२० च्या जूनमधल्या वादळाच्या वेळी थोरली सोळाची होती, धाकटा तेराचा. तिघांनीही हे आधी वाचलं आहे. थोरलीने दोन परिच्छेद काढायला लावले, ते काढले.

१. वादळ हे निमित्त असतं

३ जून २०२०, बुधवार. ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं ते आमच्या वरच्या अंगाला, रायगड जिल्ह्यात दिवेआगरच्या बाजूला. पण दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याला त्याने सोडलं नाही. एका दिवसात आमच्या आगरातल्या पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, घराची कौलं शेजाऱ्यांच्या विहिरीत सापडली. वीज कित्येक आठवडे नव्हती. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाचंही तसंच. फळबागेला हेक्टरी ५०,००० रुपये भरपाई जाहीर झाली. आमच्याकडे हेक्टरात आगर असतं कोणाचं? गुंठ्याला ५०० रुपये, हा हिशोब ह्यांनी पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहिला आणि पुढे कितीतरी दिवस तो कोणी पुसला नाही.

ज्याचं आगर गेलं तो हसेल कसा, असं सगळे म्हणत. बरोबरच होतं. पण आगर साऱ्या गावाचं गेलं होतं. श्रावणात शेजारीपाजारी खड्डे काढायला लागले, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून रोपं आणायच्या गोष्टी करायला लागले. हे झोपाळ्यावरच. पहाटे तीनला जाग यायची ती यायची, मग आढ्याकडे बघत पडायचं. आवडीचं अळूचं फदफदं पानात वाढलं तरी दोन घासांत हात धुवायचे. भजनात पखवाज वाजवणारा माणूस, पखवाजावरचं फडकं काढेना. आणि सारखं एकच म्हणणं, मी तुम्हा सगळ्यांना बुडवलं.

पुढे डॉक्टरांनी समजावलं. असं वागणं दोन आठवड्यांहून जास्त, रोज, दिवसाचा बराचसा वेळ राहिलं आणि झोप, भूक, उमेद, गोडी हे सगळं एकदम गेलं, तर त्याकडे आजार म्हणून बघायचं. कारण कितीही सज्जड असलं तरी. त्यांनी आणखी एक विचारलं, जे मला सुचलं नसतं. ‘यांच्या वडिलांना कधी असं व्हायचं का?’ मामंजी मधूनच महिना-महिना गप्प बसायचे. घरात त्याला ‘मौन’ म्हणत, आणि जरा कौतुकानेच म्हणत.

२. मुलांना आपल्याआधी कळलेलं असतं

मोठी माणसं आजाराला नाव द्यायला बिचकत असतात तेव्हा मुलं टेहळणीला बसलेली असतात. थोरलीने खूप नंतर सांगितलं की ती सकाळी डोळे न उघडता झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकायची. कड्या कुरकुरत असल्या की बाबा निदान उठून बसलेत. आवाज नसला की ती अंथरुणातच पडून राहायची. धाकट्याने मित्रांना घरी आणणं बंद केलं. का, ते विचारलं तर म्हणाला, ‘कोण येतं आता, लॉकडाऊन आहे ना.’ लॉकडाऊन उठल्यावरही कोणी आलं नाही.

बायकांचं नैराश्य बहुतेक वेळा रडण्यातून दिसतं, पुरुषांचं पुष्कळदा चिडण्यातून. आमच्याकडे दोन्ही होतं, पण मुलांना दिसलं ते चिडणं. नेटवर्कसाठी धाकटा कड्यावरच्या गणपतीच्या वाटेने वर जाऊन बसायचा, तिथे शाळेचा वर्ग मोबाइलवर पकडायचा आणि खाली आला की ह्यांची बोलणी खायचा, दिवसभर उंडारतोस म्हणून. चिडून झालं की हे आतल्या खोलीत जाऊन पडत. मुलाने यातून काय घ्यायचं? बाप ओरडला तर पोराला भांडता येतं. ओरडून मग आजारी दिसणाऱ्या बापाशी भांडता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ आलं. १६ मे २०२१, रविवार. आमच्यापासून लांब, समुद्रातूनच ते गुजरातकडे गेलं, पण वारा सुटला तेव्हा गावातली सगळी माणसं माडांच्या शेंड्यांकडे बघत होती. माझी दोन मुलं बापाच्या तोंडाकडे बघत होती.

३. आजाराचं नाव मुलांच्या कानावर घाला

मुलांना त्रास नको म्हणून आपण काही सांगत नाही. मग ती आपापला हिशोब मांडतात आणि तो हिशोब हमखास स्वतःवर येऊन थांबतो.

धाकट्याचा हिशोब असा होता. वादळाच्या आधीच्या आठवड्यात त्याने ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल मागितला. ह्यांनी उधारीवर आणला. मग आगर गेलं. म्हणजे मोबाइल घेतला नसता तर बाबांवर कर्ज नसतं, कर्ज नसतं तर बाबा असे नसते. तेरा वर्षांच्या मुलाने हे कितीतरी महिने पोटात ठेवलं होतं. थोरलीचा वेगळा. तिचं दहावीचं वर्ष. करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण मिळाले होते, निकाल जुलैअखेर चांगला लागला, आणि तिला वाटलं की पुढच्या शिक्षणाच्या खर्चाच्या धसक्याने बाबा खचले. तिने विज्ञान शाखेचा अर्ज भरलाच नाही. आम्हाला सांगितलं, ‘मला आर्ट्सच आवडतं.’

डॉक्टरांकडे जायला लागलो तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच खेपेला विचारलं, मुलांना काय सांगितलंय? काहीच नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आज जाऊन सांगा, आणि दोघांनी मिळून सांगा. अमेरिकेत बोस्टनला डॉ. विल्यम बिअर्डस्ली यांनी याचीच एक रीत बसवली आहे. नैराश्य आलेल्या आई-वडिलांनी मुलांना समोर बसवून आजाराबद्दल बोलायचं, कसं बोलायचं त्याची आधी तयारी करून घ्यायची. फिनलंडमध्ये त्युत्ती सोलांताउस यांनी तीच पद्धत देशभरच्या आरोग्यसेवेत नेली. आम्हाला काही एवढं साग्रसंगीत मिळालं नाही. बाईंनी कागदावर तीन वाक्यं लिहून दिली.

बाबांना नैराश्य नावाचा आजार झालाय. तो तुमच्या वागण्याने झालेला नाही आणि तुमच्या वागण्याने बरा होणार नाही. डॉक्टर औषध देताहेत, वेळ लागेल.

रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनीच ती वाचली. अक्षरशः कागदात बघून. दुसऱ्या वाक्याला धाकटा उठून गेला आणि विहिरीपाशी जाऊन रडला. ते रडणं सुटकेचं होतं हे मला तेव्हा कळलं नाही, मी घाबरले. मोबाइलचा हिशोब त्याने दुसऱ्या दिवशी सांगितला. एकदा सांगून भागत नाही हेही सांगून ठेवते. दर दोन-तीन महिन्यांनी मुलांचे नवे प्रश्न येतात. वय वाढतं तसे प्रश्न वाढतात.

४. गाऱ्हाणं घाला, गोळी चुकवू नका

बाहेरचं लागलंय, कोणीतरी केलंय, जागेवाल्याचं काही राहिलंय, हे सगळं आमच्याकडेही झालं. वन्संनी नारळ उतरवून टाकला. देवळात गाऱ्हाणं घातलं. माझी ना नव्हती. देवाने आमच्या गोळीला कधी हरकत घेतली नाही, माणसांनी घेतली. मुलांसमोर मात्र ‘कोणी केलं’ याची चर्चा करू नका. धाकटा काही दिवस शेजारच्या घरावरून जाताना मान वळवायचा. त्या बिचाऱ्यांनी आम्हाला वादळात ताडपत्री दिली होती.

५. रत्नागिरीची चेष्टा

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यातलं एक आमच्या जिल्ह्यात. पण इथे त्याचा उपयोग जास्त करून चेष्टेला. ‘रत्नागिरीला धाडायला हवा याला,’ हे वाक्य मी स्वतः लहानपणापासून ऐकत आले. शाळा उघडल्यावर कोणीतरी धाकट्याला विचारलं, ‘काय रे, बाबांना रत्नागिरीला कधी नेणार?’ त्याने त्या मुलाला मारलं. आम्हाला शाळेत बोलावणं आलं.

घरी बसून त्याला सांगितलं, तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, माणसं एसटीने जातात, गोळ्या घेऊन संध्याकाळी परत येतात. जास्त आजारी असतील ती राहतात, बरी झाली की घरी येतात. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारावर उपचार मिळणं हा माणसाचा हक्क केला आहे आणि त्याची माहिती बाहेर न फोडणंही बंधनकारक आहे. कायद्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. ‘एसटीने जातात?’ एवढंच त्याने दोनदा विचारलं. त्याच्या डोक्यात साखळदंड होते.

६. बापाचं औषध मुलांनाही लागू पडतं

थोरलीने कुठूनतरी शोधून मला एक अभ्यास वाचून दाखवला. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या जेमा लुइस आणि सहकाऱ्यांचा. आयर्लंड आणि ब्रिटनमधली मिळून १४,००० च्या आसपास कुटुंबं. वडिलांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त, तर त्यांच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमध्येही ती जास्त. आणि आईच्या नैराश्याचा भाग वेगळा काढला तरी हा संबंध उरतोच. सगळ्या मुलांना होतं असं नाही, बहुतेकांना होत नाही. पण बाप कोपऱ्यात बसला आहे, आई खंबीर आहे, म्हणजे मुलं सुटली, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे मुलांच्या मनाचं पुस्तक उघडा, सगळी आईच असते. तिने काय खावं, काय बोलावं, किती मिठीत घ्यावं. बाप म्हणजे फी आणि धाक. म्हणून बापाचं मन बिघडलं की ते घराच्या उत्पन्नात मोजलं जातं, मुलांच्या तब्येतीत कोणी मोजत नाही. माझं स्पष्ट मत आहे, डॉक्टरांनी पुरुषाला नैराश्याची पहिली चिठ्ठी देताना विचारावं, घरात मुलं कितवीत आहेत?

दुसरा अभ्यास आयांवरचा आहे, पण मला त्यानेच धीर दिला. अमेरिकेत मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेला. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या तर त्यांच्या मुलांचे त्रासही कमी झाले. ज्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांचे वाढले. त्या अभ्यासात मुलांवर वेगळे उपचार केले नव्हते. तेव्हा नवरा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून अडून बसला असेल तर ‘तुमच्यासाठी’ म्हणू नका. ‘पोरांसाठी चला’ म्हणा. आमचे हे त्यावर उठले.

औषधाबद्दल एवढंच. गोळीने पहिल्या आठवड्यात काही होत नाही, दोन-चार आठवडे तरी थांबावं लागतं. आमच्याकडे झोप आधी सुधारली, हसू फार उशिरा आलं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, पुढे कित्येक महिने चालू ठेवावी लागते. हे मुलांनाही सांगून ठेवा, नाहीतर चार दिवसांत बाबा बदलले नाहीत की ती आशा सोडतात.

७. ‘आता तूच घरातला पुरुष’

हे वाक्य घरात बोलू देऊ नका. गणपतीला मुंबईहून आलेले दोन चाकरमानी एकापाठोपाठ एक धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून हेच बोलून गेले. तो आठवीत होता. दुसऱ्याच्या वेळी मी चहाचा ट्रे मध्ये घातला आणि म्हटलं, घरातला पुरुष आत झोपलाय, औषध चालू आहे, उठेल.

८. रिकामी जागा भरणारं मूल

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि मी तो दुसऱ्या कोणाकडून ऐकला असता तर बरं झालं असतं.

घरातून बाप मनाने उठून गेला की त्याची कामं हवेत राहत नाहीत, कोणीतरी उचलतं. आमच्याकडे थोरलीने उचलली. आम्ही घरगुती जेवण आणि दोन खोल्या पर्यटकांना देतो. कड्यावरच्या गणपतीला येणारे, मार्चमध्ये कासवांची पिल्लं बघायला येणारे. लॉकडाऊननंतर माणसं यायला लागली तेव्हा फोन घेणं, भाव ठरवणं, वाणसामानाचं बिल, बँकेचे हप्ते, पंपाचा माणूस बोलावणं, सगळं तिने अंगावर घेतलं. वह्या इतक्या नीट की भावोजी दाखवायला नेत. धाकट्याचा अभ्यास घ्यायची. बापाच्या गोळ्या दुपारच्या, रात्रीच्या वेगळ्या करून ठेवायची. अकरावीला वर्गात पहिली आली. गावभर कौतुक, ‘मुलगी असावी तर अशी!’

आणि धाकटा? चाचणीत नापास, तोंडावर उर्मट, रात्रभर मोबाइल, सकाळी डोकं दुखतं, पोट दुखतं. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. शिक्षक बोलायचे, भावोजी बोलायचे, डॉक्टरांनी दोनदा बोलावलं. त्याचं दुखणं ओरडत होतं म्हणून त्याला मदत मिळाली.

थोरलीला कोणी विचारलं नाही, कारण तिला विचारायला जावं तर तीच आपल्याला चहा करून द्यायची. समुपदेशक बाईंनी एकदा सहज विचारलं, मोठी काय करते? मी अभिमानाने यादी सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, यातली तिची स्वतःची कामं कोणती? मला एक सांगता आलं नाही. मैत्रिणींबरोबर हर्णैला जाणं, उगाच भांडणं, कपडे पसरून ठेवणं, दहा वाजेपर्यंत झोपणं, या वयाला जे करायचं ते सगळं तिने गुंडाळून ठेवलं होतं.

म्हणून जी बाई मला म्हणते ‘पोरं शहाणी आहेत’, तिला मी विचारते, कधीपासून? नवरा आजारी पडल्यापासून शहाणी झाली असतील तर त्यांच्याकडे आधी बघा. कामं काढून घ्या. एकदम काढू नका, त्यांना वाटतं आपलं काही चुकलं. आम्ही आधी गोळ्यांचा डबा काढून घेतला. तो ह्यांच्याच हातात दिला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने बापाच्या गोळ्या मोजायच्या नसतात. मग हप्त्यांची वही भावोजींकडे गेली. गिऱ्हाइकांचे फोन मात्र ती सोडेना, वर्षभर तिनेच घेतले.

९. घराबाहेरचं एक ठिकाण

धाकट्याला शेवटी हात दिला तो किनाऱ्याने. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात, शंभर-सव्वाशे अंडी असतात एकेका घरट्यात, ती उचलून कुंपणाच्या आत पुरतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. एक कासवमित्र ओळखीतले. त्यांनी विचारलं, पहाटे येतोस का चालायला? हा रात्रभर जागाच असायचा, गेला.

तिथे त्याला कोणी बाबांबद्दल विचारलं नाही. उपदेश नाही, कणव नाही. घरटं कुठे, किती खोल, तारीख काय, एवढंच बोलणं. पहाटे उठायचं म्हणून रात्री झोप यायला लागली. आईबापाच्या बाहेरचं एखादं भरवशाचं मोठं माणूस या वयाच्या मुलाला हवं, असं मानसतज्ज्ञ सांगतात. ते समुपदेशकच असायला हवं असं नाही. कबड्डीचा मास्तर चालतो, भजनी बुवा चालतो, बोटीवरचा काका चालतो.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट याच दोन गोष्टींवर आहे, नैराश्य आलेला तरुण मुलगा आणि किनाऱ्यावरचं कासवांचं काम. २०१६ सालच्या चित्रपटांत त्याला सुवर्णकमळ मिळालं होतं, आणि त्याच्या निर्मात्यांपैकी डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. आम्ही चौघांनी घरी बघितला. मला वाटलं आता चर्चा होईल. धाकट्याने कासवांच्या बाबतीत काय काय बरोबर दाखवलंय ते सांगितलं. हे म्हणाले, ‘समुद्र छान घेतलाय.’ तेवढीच चर्चा झाली.

१०. मरणाबद्दल मुलाने विचारलं तर

साने गुरुजी आमच्या तालुक्यातले, पालगडचे. २४ डिसेंबरला त्यांची जयंती शाळेत होते, धाकट्याला भाषण होतं. पाठ करता करता त्याने विचारलं, ‘आई, ते वारले कसे?’ भाषणात तारीख होती, ११ जून १९५०, कारण नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी आपणहून आयुष्य संपवलं. तो बराच वेळ कागदाशी खेळला आणि मग म्हणाला, ‘बाबा पण करतील?’

म्हणजे प्रश्न गुरुजींचा नव्हताच. महिनोन्‌महिने हा मुलगा रात्री जागा राहत होता तो मोबाइलसाठी नव्हे. बाबा मागच्या दाराने बाहेर गेले तर कळावं म्हणून.

‘छे, असं बोलू नये,’ हे तोंडात आलेलं गिळा. खरं सांगावं. या आजारात काही माणसांच्या मनात असा विचार येतो. आला तर बोलायचं असतं. बाबांना आम्ही विचारलं आहे, डॉक्टरांनीही विचारलं आहे. (विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे, उलट माणूस मोकळा होतो.) मुलाला हेही सांगितलं की बाबांवर लक्ष ठेवणं हे आमचं काम आहे, तुझं नाही, तुला कधी भीती वाटली, काही वेगळं दिसलं, तर रात्री कितीही वाजता मला उठवायचं, आणि त्याला चहाडी म्हणत नाहीत. आगरातली फवारणीची औषधं भावोजींनी त्यांच्याकडे नेऊन कुलपात ठेवली. त्या रात्री धाकटा ह्यांच्या शेजारी अंथरूण घालून झोपला. हे म्हणाले, ‘अरे, मी कुठे जात नाही,’ आणि खरंच घोरायला लागले.

तेव्हा ‘टेलिमानस’ ही सरकारी मदतवाहिनी नव्हती. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, मोठ्यांना आणि मुलांनाही. आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. पाहुण्यांपैकी दोघांनी त्याचा फोटो काढून नेला.

११. आजारी बापही बापच असतो

‘बाबांना त्रास देऊ नका’ असं सांगून आम्ही मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवलं होतं. हळूहळू उलटं केलं. रोज एकच काम, लहानसं, मुलाबरोबर. सुपारी सोलायला दोघांनी बसायचं. बोलणं नाही झालं तरी चालेल. एखाद्या दिवशी जमलं नाही तर ह्यांनी ‘आज जमत नाही’ एवढं म्हणायचं, मुलगा वाईट वाटून घेणार नाही, कारण त्याला कारण माहीत आहे. वादळानंतरच्या दुसऱ्या शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा ह्यांनी पखवाज काढला. शाई सुटली होती, आवाज भयाण. मुलं पोट धरून हसली, आणि हेही.

१२. उशिरा येणारी थकबाकी

२०२२ च्या सुरुवातीला हे पुष्कळ बरे झाले. आगरात नवी रोपं लागली. थोरली बारावी होऊन पुण्याला गेली. जायला तयार नव्हती, ‘इथलं कोण बघणार?’ हे म्हणाले, ‘मी बघणार, बाय. ते माझंच आहे.’ गेली.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी रात्री वसतिगृहातून फोन. श्वास लागत नाही, छातीत धडधड. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत. नंतर तसंच पुन्हा झालं, मग तिचं जेवण सुटलं, वर्गात जाणं सुटलं. घरी सगळं सुरळीत, बाप बरा, आणि हिला आता काय झालं? मलाही तसंच वाटलं. कॉलेजच्या समुपदेशकांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि मला फोनवर म्हणाल्या, तेव्हा आजारी पडायला तिला जागाच नव्हती, आता मिळाली.

नैराश्य असलेल्या पालकांच्या मुलांना पुढे त्याचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो, असं अभ्यास सांगतात. त्यात रक्ताचा वाटा असतो, घरातल्या दिवसांचाही असतो. बाप बरा झाला म्हणून मुलांवरची नजर काढू नका, विशेषतः घर सोडून जातील त्या वर्षी.

मी निघायच्या तयारीत होते. पण हे म्हणाले, मी जातो. दापोलीहून एसटीने एकटे गेले. तिच्यासमोर बसून काय बोलले ते मला दोघांनीही सांगितलेलं नाही, ते काढलेल्या परिच्छेदांपैकी एकात थोडंफार होतं. एवढं माहीत आहे की ह्यांनी तिला स्वतःच्या पहाटे तीनच्या जागरणांबद्दल सांगितलं, आणि ती म्हणाली, ‘माहितीये. मी पण जागीच असायचे.’

ती अजून पुण्यातच आहे, आता बरी आहे. गोळ्या लागल्या नाहीत, समुपदेशन चालू आहे. त्याची फी बाबांनीच द्यायची असं तिने ठरवून टाकलंय. वर्षभर गिऱ्हाइकांचे फोन घेतले, हिशोब लिहिले, त्याचा पगार अजून बाकी आहे म्हणे. हे दर महिन्याला पैसे पाठवतात आणि ती पोचपावती पाठवते, ‘बाकी रक्कम अमुक’ अशी. ती रक्कम कमी होताना काही दिसत नाही.